हिरोबाच्या डोंगरावरून मला खाली आणल्याबाबत

दिनांक १३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

नाव: रत्नाबाई बन्सी दहिफळे. वय: ६१ वर्षे. व्यवसाय: घरकाम, पूर्वी शेती. मूळ राहणार तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर. सध्या राहणार मुलाकडे, भाड्याची खोली, बोईसर पूर्व, तालुका व जिल्हा पालघर.

मी आज पोलीस ठाण्यात महिला पोलीस हवालदार उत्कर्षा संखे यांच्यासमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगते ते असे की, मी वरील पत्त्यावर मुलगा भाग्येश, वय ३४, व सून प्रतीक्षा यांच्यासह राहते. मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. सून एका खाजगी दवाखान्यात कामाला जाते. माझे पती गेल्या वर्षी वारले. त्यानंतर मुलाने मला गावाकडून इकडे आणले.

काल रविवारी माझ्या मुलाने या ठाण्यात फिर्याद दिली आहे. त्यात डोंगराखालच्या पाड्यावर राहणारा सुका, त्याचा भाऊ रूपेश व सुकाची बायको ठमी या तिघांनी मला डोंगरावर गाठून, ढकलून, सोन्याच्या लोभाने उचलून नेले, असे म्हटले आहे. ती फिर्याद सुनेने मला आज सकाळी चहा घेताना मोबाईलवर वाचून दाखवली. चहा तसाच राहिला. त्या फिर्यादीत लिहिले आहे तसे काही घडलेले नाही. माझा मुलगा मुद्दाम खोटे बोलला असेही माझे म्हणणे नाही. त्याने लांबून जे पाहिले आणि ऐकले ते सांगितले. पण झोळीत मी होते, तो नव्हता. म्हणून मी पायाला प्लॅस्टर असताना रिक्षा करून आले आहे. मुलगा मागून आला आहे व बाहेर बाकावर बसला आहे. त्याने आत येऊ नये असे मीच सांगितले आहे, कारण मी बोलत असताना तो मध्ये बोलतो.

या वयात डोंगरावर का गेलात, असे विचारल्यावरून सांगते की, आमच्या गावाभोवती सगळीकडे डोंगर आहेत व मी जन्मभर त्यांवरून सरपण आणले आहे. बोईसरला आल्यापासून मला खिडकीतून समोरच्या चाळीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तेवढेच दिसते. मी एकदोनदा बोलून दाखवले की, डोंगर बघून वर्ष झाले. मुलाच्या ते लक्षात राहिले. दसरा झाला, पाऊस थांबला, काल त्याला सुट्टी होती. त्याने मोबाईलवर शोधून काढले की, मनोर रस्त्याला हिरोबाचा डोंगर आहे, चढ तासाभराचा आहे, सोपा आहे, कुटुंबासह जाण्यासारखा आहे. सोबत फोटो होता. फोटोत वाट भांगासारखी स्वच्छ दिसत होती. तो फोटो उन्हाळ्यातला असणार, कारण त्यात गवताची काडी नव्हती. सून कामावर होती म्हणून आम्ही दोघेच गेलो. माझा मुलगा माझ्यासाठी काही करायचे म्हणून गेला होता, हे आधी लिहून घ्यावे.

वाट कशी होती, असे विचारल्यावरून सांगते. सकाळी नवाच्या सुमारास आम्ही पायथ्याशी रिक्षातून उतरलो. पायथ्याला भाताची खाचरे आहेत, भात पिवळे पडून वाकले होते व काही ठिकाणी कापणी सुरू होती. बांधावरून वाट डोंगरात शिरते. पहिला टप्पा बरा होता. पुढे पावसाच्या पाण्याने वाटेतली माती नेली आहे, त्यामुळे दगड उघडे पडले आहेत व हलतात. सावलीतल्या दगडांवरचे शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे झाले आहेत. दगड कोरडा दिसतो म्हणून माणूस निर्धास्त पाय ठेवतो, तेव्हा पापुद्रा सुटतो आणि पायही त्याच्याबरोबर जातो. पावसाळ्यात माणूस भिऊन चालतो, म्हणून पडत नाही. या दिवसांत ऊन बघून भीती जाते.

त्याच्या वर गवत लागले. गवत माझ्या डोक्याच्या वर होते, शेंड्याला वाळलेले व बुडाशी ओले. दवाने साडी गुडघ्यापर्यंत भिजली व त्यावर कुसळे चिकटली. मुलाच्या पायमोज्यांत इतकी कुसळे गेली की तो दर थोड्या वेळाने एका पायावर उभा राहत होता. गवतात दोन वाटा होत्या, एक माणसांची व एक गुरांची. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मी उजवीकडची म्हटले. मुलाने मोबाईल बघून डावीकडची म्हटले. डावीकडची गुरांची निघाली.

त्या वाटेने आम्ही जेथे शिरलो तेथे यातील सुका, रूपेश व ठमी गवत कापत होते. पावसाळा संपला की इकडे डोंगरावरचे गवत कापून विकतात, हे मला तेव्हा कळले. आम्ही उभे गवत तुडवत आलो होतो. सुका ओरडला, "ओ, गवतात कुठं घुसता? आडवं पडल्यावर कापाचं कसा?" माझा मुलगा म्हणाला, "तुमच्या बापाचा डोंगर आहे का?" हे वाक्य फिर्यादीत नाही. ते माझ्या मुलाचे आहे व मी ते ऐकले आहे. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

तेव्हा ठमी पुढे आली व तिने आम्हाला खरी वाट दाखवली. फिर्यादीत "सदर महिलेने विळा उगारला" असे आहे. विळा उगारला नाही. तिच्या हातात विळा होता व तिने त्याच हाताने वाट दाखवली. कामात असलेली बाई हातातले खाली ठेवून वाट दाखवत बसत नाही. माझ्या हातात लाटणे असेल तर मीही लाटण्यानेच सांगते की डबा तिकडे आहे. सुका मात्र रागात होता. आम्ही निघालो तरी तो मागून पुटपुटत होता. त्याचा राग योग्य होता, कारण तुडवलेले गवत मी वळून पाहिले होते.

आम्ही माथ्यावर पोचलो. तेथे हिरोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. मी नमस्कार केला. मुलाने माझा फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे, असे सून म्हणते. आम्ही शेंगदाण्याची चटणी व भाकरी खाल्ली. तेथून एका बाजूला कारखान्यांची धुराडी व त्यांच्यामागे समुद्राची पट्टी दिसते. मुलाने मला त्याचा कारखाना कुठला ते दाखवले. मला तो ओळखता आला नाही, पण मी हो म्हटले.

उतरताना मी पडले. उतारावर घसारा आहे, म्हणजे बारीक सुटे दगड. मुलाने माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला, कारण लहान मुलीला आणल्यासारखे मला धरून आणलेले आवडत नाही. मुलाने चढताना मला एक काठी तोडून दिली होती, ती टेकली तर तिच्याखालचाच दगड निसटला. माझा उजवा पाय आत मुरगळला व मी बसले ती बसलेच. त्या वेळी तेथे मुलाखेरीज कोणीही नव्हते. मला कोणीही ढकललेले नाही. डोंगरानेही ढकलले नाही, मीच पडले.

मुलाने मला उचलायचा प्रयत्न केला. माझे वजन मी येथे सांगणार नाही, पण त्याला जमले नाही. मोबाईलला रेंज नव्हती. तो मला एका करवंदीच्या जाळीच्या सावलीला बसवून, पाण्याची बाटली जवळ ठेवून, रेंज शोधायला वरच्या सोंडेकडे, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या धारेकडे, गेला. माझी काठी त्याने सोबत नेली. जाताना म्हणाला, "आई, इथून अजिबात हलू नको." पाय मोडलेल्या माणसाला असे सांगणारा तो पहिलाच असेल.

तो बराच वेळ आला नाही. सावली सरकली व ऊन माझ्यावर आले. पाय सुजून चपलेत मावेना. मी हाक मारायला लागले. पहिल्यांदा मुलाला, नंतर कोणालाही. ती हाक ठमीने ऐकली. ती वर आली, माझा पाय पाहिला आणि तिने खाली तोंड करून नवऱ्याला व दिराला बोलावले. सुका आला व सकाळचे सगळे विसरला, असे मी म्हणणार नाही. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "गवत तुडवलास ती बाय ना तू?" मी हो म्हटले. तो म्हणाला, "लय जड दिसतं." मग त्याने विचारले, "पोरगा कुठं?" मी सांगितले, रेंज बघायला गेला. तो म्हणाला, "तिकडं रेंज नाय. तिकडं फकस्त वारा हाय."

मुलगा येईपर्यंत का थांबला नाहीत, असे विचारल्यावरून सांगते की, आम्ही थांबलो होतो. सुकाने सोंडेकडे तोंड करून पुष्कळ हाका दिल्या. उत्तर आले नाही. त्याने सांगितले की, घसाऱ्यावरून झोळी नेता येणार नाही, पाय टिकत नाहीत. खालच्या अंगाने कड्याखालून दुसरी वाट आहे, पण कड्याला माशांचे मोठे मोहोळ आहे. ऊन आणखी तापले की त्या माशा चवताळतात. जायचे तर आत्ता जायचे. मी म्हटले, चला. मी माझ्या राजीखुशीने झोळीत बसले. मला उचलून पळवले असे जे म्हटले आहे, त्यात उचलले एवढेच खरे आहे.

त्यांच्याजवळ गवताचे भारे वाहायचा बांबू होता व ठमीजवळ एक चादर होती. चादर बांबूला दोन्हीकडे बांधून झोळी केली. पुढे सुका, मागे रूपेश आणि त्याच्या मागे ठमी. कड्याजवळ आल्यावर ठमी मला म्हणाली, "बाय, तोंड झाक. हातपाय आत घे. अजाबात बोलू नको, त्यांना आवाज चालत नाय." तिने चादरीचे टोक माझ्या तोंडावरून ओढून आत खोचले. मला बाहेरचे काही दिसेनासे झाले; पुढचे जे मला दिसले नाही ते नंतर खाली बांधावर ठमीने सांगितले. मी गप्प राहिले. माझी सून यावर विश्वास ठेवणार नाही, पण राहिले.

त्याच वेळी मुलाने वरून आम्हाला पाहिले असणार. तो वरून "थांबा, थांबा" असे ओरडला. ते मला चादरीतून ऐकू आले. मी ओ दिली नाही, कारण मला बोलू नको असे सांगितले होते. त्या तिघांनीही उत्तर दिले नाही व चालण्याचा वेग वाढवला. फिर्यादीत "आवाज देऊनही सदर इसम न थांबता पळू लागले" असे आहे. पळू लागले हे खरे आहे. मुलाच्या ओरडण्याने मोहोळ हलले होते.

एक माशी रूपेशला मानेवर चावली. तो अडखळला, झोळी डुचमळली, म्हणून सुका मागे बघायला थांबला. तेव्हा ठमी नवऱ्याला ओरडली, "पळ, मेल्या! पळ!"

येथे मी हवालदार बाईंना लिहिणे थांबवून फिर्याद पुन्हा वाचायला लावली. फिर्यादीत असे आहे की, सदर महिला "पळ, मेली, पळ" असे ओरडली, म्हणजे मी मेले आहे हे माहीत असून ते मला घेऊन पळत होते. ठमी मेली म्हणाली नाही. मेल्या म्हणाली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते व माझे कान चांगले आहेत. ती नवऱ्याला म्हणाली. बायको नवऱ्याला जीव वाचव म्हणून सांगताना जसे म्हणते तसे म्हणाली. आमच्याकडे अशा वेळी मुडद्या म्हणतात. ठमी आमच्याकडची असती तर आणखीच पंचाईत झाली असती. मेल्या हा शब्द त्यांच्या घरीही चालतो असे हवालदार बाई म्हणाल्या, पण ते जबाबात घेता येत नाही असेही म्हणाल्या. कड्याखाली आवाज घुमतो. वर उभ्या असलेल्या माणसाला शब्दाचे शेपूट ऐकू येत नाही. माझ्या मुलाला मेली एवढेच ऐकू आले.

त्यानंतर आम्ही पळतच खाली आलो. ते पळत होते व मी आपटत होते. कड्याच्या पुढे खाचराचा बांध आहे, तेथे माशा मागे राहिल्या. रूपेश म्हणाला, "आता ठेव." सुका झोळी खाली घेण्यासाठी वाकणार, इतक्यात माझा मुलगा घसाऱ्यावरून घसरत थेट खाली आला. त्याने माझ्याच काठीने सुकाच्या डोक्यात मागून मारले. एकदा मारले. मी चादरीत होते, तरी तो आवाज काठीचा आहे हे मला समजले. सुकाने आधी काही केले नव्हते, त्याचे दोन्ही हात बांबूला होते.

सुकाने बांबू सोडला नाही. सोडला असता तर मी दगडी बांधावर पडले असते. तो गुडघ्यावर बसला, मग माझी पाठ जमिनीला टेकली, मग त्याने हात काढून डोक्याला लावला. बोटांमधून रक्त येत होते. ठमीचा विळा तिच्या कमरेला खोचलेला होता व तो कमरेलाच राहिला, हेही लिहावे. तिच्या जागी मी असते तर राहिला नसता. रूपेश ओरडला, "अरे बाय जित्ती हाय! जित्ती हाय ती!" मी तोंडावरची चादर काढली व म्हटले, "भाग्या, मी हाय रे."

मुलाने माझे तोंड पाहिले. काठी त्याच्या हातातून पडली व तो भाताच्या चिखलात बसला. त्याच्या पँटला तो चिखल अजूनही आहे, त्याने ती कालपासून बदललेली नाही.

मग पुढे फिर्याद कशी झाली, असे विचारल्यावरून सांगते की, सोंडेवर मुलाला थोडी रेंज मिळाली होती. आम्हाला खाली पाहिल्यावर त्याने ११२ ला फोन करून सांगितले होते की माझ्या आईला मारून घेऊन चालले आहेत. त्यामुळे पोलिसांची गाडी आली. तोवर पाड्यावरची माणसे जमली होती व सुकाच्या डोक्याला फडके बांधत होती. गाडी आल्यावर मुलगा फोनवर बोललेलेच पुन्हा बोलला. मला त्याच गाडीतून दवाखान्यात नेले. सुका व रूपेशला इकडे आणले. माझ्या पायाचे हाड तडकले आहे व डॉक्टरांनी प्लॅस्टर घातले आहे. ते पडण्याने झाले आहे, नेण्याने नाही. डॉक्टर म्हणाले, पाय हलू न देता आणला हे बरे झाले. सुकाच्या डोक्याला टाके पडले आहेत, असे मला येथे आल्यावर समजले.

माझी सोन्याची बोरमाळ गेली असे फिर्यादीत आहे. बोरमाळ मी घरी कपाटात, तांदळाच्या डब्यामागे ठेवून गेले होते. डोंगराला दागिने दाखवायचे काय कारण? मुलाला ते माहीत नव्हते, कारण मी दागिने कोठे ठेवते ते मी कोणाला सांगत नाही. आता जबाबात आले, त्यामुळे जागा बदलावी लागेल. माळ मी आज सोबत आणून हवालदार बाईंना दाखवली आहे.

काल रात्री मी मुलाला म्हटले की, उद्या जाऊन फिर्याद मागे घे. तो म्हणाला, "आई, तू गप्प बस. मी मारलंय असं लिहिलं गेलं तर केस होईल, नोकरी जाईल." त्याची भीती खोटी नाही. या कामासाठी त्याने सहा ठिकाणी उंबरे झिजवले आहेत, आणि आमच्याकडची पुष्कळ मुले अजून झिजवत आहेत. मी रात्रभर विचार केला. मी सुकाची कोणी नाही. भाग्येश माझा एकुलता एक आहे. त्याच्याविरुद्ध आज मी बोलते आहे, हे मला समजते आहे. पण ज्याच्या हातांनी मी खाली आले तो माणूस माझ्यामुळे आत बसला आहे. मी डोंगरावर एकदा गप्प बसले, तेवढे पुरे.

मुलाने विचारपूस न करता एकदम का मारले, असे विचारल्यावरून सांगते. याचे उत्तर तो देणार नाही म्हणून मी देते. गेल्या वर्षी याचे वडील गेले तेव्हा हा बोईसरला शिफ्टला होता. मोबाईल लॉकरमध्ये होता. निरोप मिळून, गाड्या बदलत तो गावात पोचेपर्यंत आम्ही बन्सींना उचलले होते. आभाळ भरून आले होते, सरपण भिजेल म्हणून माणसे घाई करत होती. हा स्टँडवरून पळत सुटला. पुढे तिरडी चाललेली त्याला दिसत होती. "थांबा, थांबा" असा ओरडत तो रस्त्याने आला. भजनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेले नाही. तो पोचला तेव्हा लाकडे रचून झाली होती. त्याला वडिलांचे तोंड दिसले नाही. आता उघडू नका, असे कोणीतरी म्हणाले व तो बाजूला झाला.

त्याबद्दल तो कधी बोलला नाही. मीही विचारले नाही, माझेच मला पुरे झाले होते. काल सोंडेवरून त्याला बांबूला बांधलेले माणूस दिसले, तोंड झाकलेले, माणसे पळत चाललेली, आणि तो थांबा म्हणतो आहे व कोणी थांबत नाही. माझे लेकरू तेथून कसे खाली आले असेल, ते मला कालपासून डोळे मिटले की दिसते. त्याच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली आहेत. त्याने ते हात कोणाला दाखवलेले नाहीत. हे सांगितल्याने सुकाच्या डोक्याचे टाके कमी होत नाहीत, हे मला कळते. तरी लिहून घ्यावे.

तुमची कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, सुका, रूपेश व ठमी यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. सुका व रूपेश यांना आजच घरी सोडावे, त्यांचे गवत तसेच पडले आहे. सुकाला माझ्या मुलाविरुद्ध तक्रार द्यायची असल्यास तो त्याचा हक्क आहे व मी साक्षीला येईन. ठमी सकाळपासून बाहेर बसली आहे. माझा मुलगा बसला आहे त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती आहे. आत येताना मी तिच्यापाशी थांबले. तिनेच विचारले, "बाय, पाय कसा हाय?"

जबाब पूर्ण झाल्यावर हवालदार बाईंनी तो मला वाचून दाखवला. वाचताना दार उघडे ठेवावे व मोठ्याने वाचावे, अशी विनंती मी केली व ती त्यांनी मान्य केली. काठीने मारले हे आले तेथे बाईंचा आवाज खाली गेला. तो मी वर करायला लावला. वडिलांचे आले तेथे तो पुन्हा खाली गेला. तेथे मी काही म्हटले नाही.

वाचून संपल्यावर मी सांगितले की, सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे. तेव्हा बाहेरून माझा मुलगा म्हणाला, "आई, बरोबर आहे." मी म्हटले, मला नको सांगू. थोड्या वेळाने तो दारात येऊन उभा राहिला व हवालदार बाईंना म्हणाला, "मॅडम, आई सांगते ते बरोबर आहे. मीच मारलं. माझा जबाब परत लिहून घ्या."

या खोलीत जबाब देणाऱ्यासाठी एकच खुर्ची आहे. म्हणून मी येथे सही करून उठते.

सही: रत्नाबाई बन्सी दहिफळे